पूर्वेकडची ओळ

बाबांच्या माघारी घर थोरलीच्या वाट्याला आलं आणि फर्निचरच्या कारखान्याची जागा धाकट्याच्या. छपरावरच्या सोलर पॅनेलचं काय करायचं, हे मात्र ठरायचं राहून गेलं. पॅनेलच्या दोन ओळी होत्या, एक पूर्वेच्या उतारावर, एक पश्चिमेच्या. बाबांचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. पॅनेल त्यांनी स्वतः बसवले, वायरी स्वतः ओढल्या, आणि दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही.

आजारी पडायच्या थोडे दिवस आधी त्यांनी पूर्वेकडची अख्खी ओळ ताडपत्रीने झाकली आणि दोरीने करकचून बांधून टाकली. का, ते कुणी विचारलं नाही. बाबांना कारण विचारायची त्या घरात रीतच नव्हती. मग झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंथरुणावरून ते डाव्या हाताचं बोट सारखं वर दाखवायचे. घरातल्यांनी त्याचा एकच अर्थ लावला. थोरली पायाशी बसून डोळे पुसायची आणि आत्या म्हणायची, "कळतंय रे दादा. बोलावणं आलंय." बाबा चिडून मान हलवायचे, आणि शेवटी शेवटी नुसते डोळे मिटून घ्यायचे.

ती ताडपत्री गेल्या आठवड्यात धाकट्याने काढली.

"गिऱ्हाईक बघायला येणार आणि अर्धा माल बुरख्यात?" शिडीवरून तो म्हणाला होता. ताडपत्री टेम्पोत टाकून त्याने कारखान्यात नेली, लाकडावर घालायला.

तेव्हापासून आत्याची कुरकुर सुरू झाली. तिची खोली पूर्वेच्या उताराखाली होती. वर लाकडी छत आणि त्यावर पत्रा. मांडीचं हाड मोडल्यापासून ती पलंगाला खिळलेली.

"वर कुणीतरी तळतंय गं."

"पत्र्यावर कोण तळणार, आत्या?"

"तुझा बाप. जिवंतपणी कधी चहासुद्धा केला नाही. आता हौस आलीय."

थोरलीने ते हसण्यावारी नेलं. पण शिवणकामाचं मशीन थांबवून तिने एकदोनदा कान दिला, तेव्हा तिच्याही लक्षात आलं. ऊन चढलं की बारीक चुरचुर सुरू व्हायची, ढग आला की थांबायची. संध्याकाळनंतर घर चिडीचूप. लोकांना भुताची भीती रात्री वाटते. तिला सकाळी उजाडताना वाटू लागली. काल तर आत्याच्या खोलीत इस्त्री कापडावर राहून गेल्यासारखा वास आला. तिने धावत जाऊन इस्त्री पाहिली. ती गार होती.

आज धाकटा भर दुपारी आला. थोरली जमिनीवर पसरलेल्या काळ्या कापडात गुडघ्यावर बसली होती. नाट्यगृहाचा पडदा होता, जाड आणि अंगावर घेतला तर माणूस वाकेल इतका जड.

"बोल ताई. विकायचे, माझ्या कारखान्यावर लावायचे की इथेच ठेवायचे?"

"आधी वर जाऊन बघ. आत्याच्या खोलीत वास येतोय."

"उंदीर मेला असेल."

"मेलेला उंदीर चुरचुरत नाही."

"तुलापण आत्याची लागण झाली?" तो हसला, पण उठला. "थांब, मेन स्विच पाडतो. तो पाडला की सगळं मेलं. मग निवांत बघू."

त्याने जिन्याखालचा स्विच पाडला. पंखा घरघरत थांबला, फ्रिज गप्प झाला. दोघं आत्याच्या दारात उभी राहिली.

आवाज थांबला नाही. उलट वाढला. चुरचुरीची आता तडतड झाली, आणि छताच्या फळ्यांच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ खाली उतरली.

धाकट्याने वळून जिन्याकडे पाहिलं. "अगं, पण मी बंद केलंय!"

थोरली छताकडे पाहत राहिली. स्विच खाली होता, वायरी वर होत्या. आणि वरच्या वायरींना वीज या घरातून मिळत नव्हती, उन्हातून मिळत होती. ऊन असेपर्यंत त्या बंद करायचा एकच उपाय होता, आणि बाबांनी तो दोरीने बांधून ठेवला होता. तेच ते बोट. तेच सांगत होते ते, दिवसभर, तिच्याकडे बघून.

"आत्याला उचल," ती म्हणाली. "आणि बाहेर गेल्यावर अग्निशमनला फोन लाव."

"ताई, पडदा कुठे नेतेस? तो गिऱ्हाइकाचा..."

"उचल म्हणते ना!"

धाकट्याने आत्याला पलंगावरून अलगद हातांवर घेतलं. "हळू रे मेल्या, मी काय कपाट आहे?" आत्या ओरडली. थोरली तोवर पडदा ओढत शिडीपाशी पोहोचली होती. तो वर कसा गेला ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. मागून धाकटा आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. पत्रा पायांना भाजत होता. दोघांनी ओळीवर पडदा ओढला, कडेपर्यंत.

आवाज तुटला.

धाकट्याने वाकून कडेखाली पाहिलं. पत्र्याच्या धारेवर घासून दोन वायरी सोलल्या होत्या आणि वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. खालचा वासा कोळसा झाला होता. त्यावर धूळ बसलेली होती, बाबांच्या वेळची. धुळीखालून ताजा, लाल ठिपका लुकलुकत होता.

"अग्निशमनवाले निघालेत म्हणाले," धाकटा पुटपुटला. मग म्हणाला, "उतरवून टाकू, ताई. मला नकोत. कुणालाच नकोत."

"आत्ता हात लावायचा नाही."

खाली अंगणात शेजारणीच्या खुर्चीत बसलेली आत्या वर बघून विचारत होती, दादा गेला का एकदाचा.

तेवढ्यात वारा आला. पडद्याचं पलीकडचं टोक फडफडलं, उचललं गेलं, एका काचेवर ऊन लखकन पडलं आणि खाली पुन्हा चुरचुरलं. थोरली पोटावर पडली आणि तिने ते टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. धाकट्याने दुसरं धरलं. बांधायला दोरी नव्हती. ती ताडपत्रीबरोबर कारखान्यात गेली होती.

सूर्य अजून माथ्यावरून हललाही नव्हता.