भुवई नसलेलं बदक

"द्या हिकडं पोरगी. मी धरतो, तुमी फोटू काढा," इंजिन बंद करून बांबू होडीत आडवा टाकत धोंडीबा म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

वल्लरीने मान हलवली. एका हाताने दुर्बीण डोळ्यांशी धरलेली आणि दुसऱ्या हाताचा विळखा इराच्या पोटाभोवती, अशी ती होडीच्या मधल्या फळीवर बसली होती. अकरा महिन्यांच्या इराला पाण्यात हात घालायचा होता, त्यासाठी ती अख्खं अंग ताणत होती. फोन पिशवीत आणि पिशवी होडीच्या टोकाला. मध्ये चार हातांचं अंतर.

"आवो ताई, मला सहा नातवंडं हायेत. धरता येतं मला पोर."

"तसं नाही हो काका. पाणी किती आहे इथं?"

"पुरुषभर आसंल. का? पव्हायचंय?"

एरवी ती हसली असती. आत्ता तिला हसायला श्वास उरला नव्हता. समोर, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या उथळ पाण्यात, दोनशेएक बदकांचा थवा पसरला होता. सगळी भुवई बदकं. डोळ्यावर पांढरी पट्टी, म्हणून हे नाव. आणि त्यांच्यात एक वेगळं. आकाराने तेवढंच, पण त्याला भुवई नव्हती. गाल साईसारखे पिवळट, डोळ्यातून खाली उतरलेली काळी रेघ, मागे हिरवी कोर. कुणी फुरसतीने बसून रंगवावा तसा चेहरा. छातीच्या कडेला पांढरी उभी रेघ.

बैकल टील. नर. सैबेरियातून पूर्वेकडे, चीन-कोरियाकडे उतरणारं बदक, वाट चुकून इथे आलेलं. पुस्तकातलं हे पान तिने इतक्यांदा उघडलं होतं, की चित्र कुठल्या कोपऱ्यात आहे तेही तिला माहीत होतं.

"गारगनी न्हाय ह्यो," धोंडीबा हळू आवाजात म्हणाला. भुवई बदकाचं इंग्रजी नाव त्याच्या तोंडात असं बसलं होतं. "बावीस वर्सं होडी मारतोय. ह्यो मी बघितल्याला न्हाय."

"मीसुद्धा नाही."

"मग काढा की फोटू! पुन्यामुंबैचे लोक ह्याच्यासाठी रातीचे गाड्या पळवत येत्यात."

त्याचे हात अजून पुढेच होते. खडबडीत, माशाचा वास येणारे, अगदी भरवशाचे हात. वल्लरीने ते पाहिले, इराच्या मापाचं नसलेलं होडीतलं नारिंगी लाइफ जॅकेट पाहिलं, होडीची बोटभर उंचीची कड पाहिली. एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून सगळं होऊन गेलं: धोंडीबाचा पाय सरकतो, होडी कलते, पाण्यावर नुसता गुलाबी टोपीचा गोंडा.

"नको काका. मी बघते फक्त."

मग ती नुसती बघत राहिली. दुर्बिणीतलं चित्र हलत होतं. आधी तिला वाटलं होडी हलतेय. मग कळलं, हात थरथरतोय. कितीतरी दिवसांनी तिचा हात असा थरथरला होता.

वरून एक भोवत्या, बदकं पळवणारा तो शिकारी पक्षी, सावलीसारखा सरकत आला आणि थवा उठला. सगळं पाणी उठल्यासारखं झालं. इरा टाळ्या पिटायला लागली. थवा दूर जाऊन बुडालेल्या गावठाणातल्या जुन्या विहिरीच्या कठड्यामागे उतरला. तिकडे चिखल, होडी जात नाही, असं धोंडीबा म्हणाला.

सात-आठ मिनिटं. तेवढंच.

*

बारामतीला परत येताना तिने गाडी तीनदा थांबवली. दोनदा मागच्या सीटवरच्या इराचा श्वास बघायला. तिसऱ्यांदा, बाजूने उसाची ट्रॉली गेल्यावर, पुस्तक उघडून तेच पान पुन्हा बघायला.

पक्ष्यांचा नाद मूळ तिचा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., मग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. रविवारी पहाटे उजनीकाठचं भिगवण गाठायचं. कुशल एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात, गुणवत्ता विभागात. लग्न ठरलं तेव्हा त्याला कावळा आणि कोकीळ सोडून फारसं काही ओळखता येत नव्हतं. तिने शिकवलं. वर्षभरात तो तिच्यापेक्षा वेडा झाला. दोघांची मिळून एक वही होती आणि वहीचा एक नियम होता: दोघांनी पाहिला तरच लिहायचा. एकट्याने पाहिलेला पक्षी मोजायचा नाही. नियम कुशलनेच काढला होता, नवं नवं लग्न असताना, अंगावर शहारा येईल अशा आवाजात.

मग इरा आली. तासिका सुटल्या, रविवार सुटले. कुशल मात्र जात राहिला; आप्पांच्या ग्रुपबरोबर. आप्पा म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, या भागातल्या पक्ष्यांबाबत अखेरचा शब्द असलेले गृहस्थ. कुशल आत्ता थायलंडला गेला होता, ती सहलही त्यांनीच काढली होती. चौघं जण, आठ दिवस. तिथल्या मिठागरांवर हिवाळ्यात एक चिमणीएवढा पक्षी येतो, चमच्यासारख्या चोचीचा. अख्ख्या जगात आता काहीशेच उरलेत म्हणे.

"तू पण चल म्हटलं असतं," निघताना कुशल म्हणाला होता, "पण इरा..."

"हो, इरा," ती म्हणाली होती.

तो गेल्यावर पाच दिवस ती इराशी आणि दूधवाल्याशीच बोलली. दूधवाल्याशी जरा जास्तच, असं तिला नंतर वाटलं. सहाव्या दिवशी सकाळी तिने इराला टोपी घातली आणि वालचंदनगरला सासूबाईंना फोन करून सांगितलं, भिगवणला जाऊन येते.

"एकटी? लेकरू घेऊन? पाण्यावर?" सुधाताई म्हणाल्या. "आणि बदकंच बघायचीत ना? मग इथे ये की. आमच्या कॉलनीच्या तळ्यात आहेत चार."

*

कुशलचा व्हिडिओ कॉल संध्याकाळी आला. त्याचं तोंड उन्हाने रापलं होतं आणि डोळे लहान मुलासारखे झाले होते.

"वल्ली! मिळाला! चमच्या मिळाला!"

"खरंच?"

"तीन दिवस, वल्ली. तीन दिवस चिखलात उभे. आज दुपारी सगळे म्हणाले, सोडा आता. आणि मी म्हटलं, शेवटचं एकदा त्या कोपऱ्यात बघू. हजारभर तुतवार चिखल टोचत, सगळे सारखे. आणि एक आपला मान खाली घालून, चोच अशी डावी-उजवी, डावी-उजवी... आणि मग त्याने मान वर केली. हात थरथरत होते गं माझे."

"माहितीये मला," ती म्हणाली.

तो पुढे बोलत राहिला. तिने बोलू दिलं. तिला खरोखर आनंद झाला होता; चमच्याचाही आणि आपल्याकडेही काहीतरी आहे याचाही. ती आपली बातमी जिभेखाली खडीसाखरेसारखी धरून बसली होती.

"कुशल, मी आज भिगवणला गेले होते."

"इराला घेऊन? वेडी का तू?"

"बैकल टील पाहिला. नर. धोंडीबाकाकांच्या होडीतून."

तो पडद्याच्या जवळ आला. मग, "फोटो पाठव."

"फोटो नाही. इरा मांडीवर होती."

"बरं, मग व्हिडिओ? काहीतरी असेलच."

"काही नाही. सात-आठ मिनिटं बघितला मी. अगदी स्वच्छ. पिवळे गाल, काळी रेघ, हिरवी कोर. भुवई नव्हती, कुशल."

पडद्यात आप्पांचं डोकं आलं. "वल्लरी, बेटा, भुवई बदकच असणार ते. उन्हात नर फसवतो. आणि लेकरू लहान, झोप कुठे होते तुझी? आराम कर."

"काकांनीही पाहिला," ती म्हणाली.

"अगं, धोंडीबा काय," कुशल हसला, पण कुचेष्टेने नव्हे, समजूत घातल्यासारखा. "त्याला गिऱ्हाईक खूश झालं म्हणजे बस. मी आल्यावर बघू हं. आणि वल्ली, चमच्या मी माझ्या नावावर पक्ष्यांच्या नोंदींच्या ॲपवर टाकलाय. वहीत नाही लिहिता येणार ना, तू कुठे पाहिलास?"

फोन बंद झाल्यावर तिने इराला भरवलं, झोपवलं, भांडी घासली. मग कागद घेऊन त्या बदकाचा चेहरा काढला. रेघ कुठून निघते, कुठे संपते, कोर किती रुंद, सगळं. काढताना तिला कुठेही थांबावं लागलं नाही. बघितलेलं नसतं तर हात अडला असता, असं तिने स्वतःलाच सांगितलं. दोनदा सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी इराला सर्दी झाली आणि अंग कोमट लागायला लागलं. पाण्यावरचा वारा बाधला, दुसरं काय! वल्लरीने थर्मामीटर इतक्यांदा लावलं, की इरा ते दिसताच रडायला लागली. सुधाताई वालचंदनगरहून बॅग घेऊन आल्या, नातीला मांडीवर घेतलं आणि सुनेच्या हातातलं थर्मामीटर काढून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवस पुन्हा जायचं तिच्या मनात येत होतं आणि ती ते मनातच ठेवत होती. जाऊन फोटो आणायचा म्हणजे काय? आपण खोटं बोललो नाही, याचा दाखला आणायचा. तोही घरच्या माणसापुढे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुशलचं विमान पुण्यात उतरलं. सात वाजता मेसेज: *उतरलो. थोडा उशीर होईल.* इराचा ताप गेला होता. वल्लरीने थालीपिठाचं पीठ मळून ठेवलं.

साडेनऊला फोन वाजला. धोंडीबा.

"ताई, सायेब आल्यात हितं. आप्पा हायेत, आनि दोगं हायेत. तुमी कशा न्हाय आला?"

तिला आधी कळेचना. मग कळलं. पाटसला बारामतीकडे वळायच्या ऐवजी गाडी सरळ सोलापूर रस्त्याने भिगवणला गेली होती. बॅगा डिकीत तशाच असणार.

"मला माहीत नव्हतं, काका."

"व्हय? मला वाटलं, मागनं येताय." तो घुटमळला. "त्येनी इचारलं, ते बदक कुठं दावलंस ताईला. मी म्हनलं, आमच्यात रीत हाय. ज्यानं पाखरू पयलं हेरलं, त्याला इचारल्याबिगर दुसऱ्या कुनाला तिकडं न्यायचं न्हाय. सख्ख्या भावाला पन न्हाय. तवा म्हनलं, तुमास्नी फोन लावावा."

मागे कुणीतरी हसलं. मग फोन कुशलच्या हातात गेला.

"वल्ली, हे बघ, रागावू नकोस. वाटेतच होतं, म्हटलं बघून जावं. हा हटूनच बसलाय. सांग ना त्याला."

"तुझा विश्वास नव्हता ना?"

"तसं नाही गं. पण असलाच तर... तुला माहितीये ना कसं होतं."

माहीत होतं. असलाच तर, या दोन शब्दांवर माणूस किती किलोमीटर जातो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

सुधाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "जा तू," त्या म्हणाल्या. "मी आहे इराजवळ. बदक तर बदक. जा."

वल्लरीने घड्याळाकडे पाहिलं. "कुशल, आई आल्यात इथे. पाऊण तास थांबता? मी येते. लगेच निघते."

पलीकडे कुजबुज झाली. आप्पांचा आवाज आला, "ऊन चढेल, वारा सुटेल, मग कसलं बदक." कुशल परत फोनवर आला.

"उद्या येऊ ना आपण दोघं. नक्की. आज हे सगळे थांबलेत गं."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला रस्ता दिसत होता. एमआयडीसीतल्या कामाला उशीर झालेला कुणी एक जण मोटारसायकल दामटत चालला होता. गाडीची किल्ली फ्रिजवर होती. ती तिथेच राहिली.

"काकांना दे फोन."

"बोला ताई."

"दाखवा त्यांना, काका. विहिरीच्या कठड्यामागे उतरला होता थवा. चिखलाच्या अलीकडूनच, पण पहिल्यांदा तिथेच बघा."

"तुमी म्हनताय म्हनून," धोंडीबा म्हणाला.

त्याने फोन बंद केला नाही. खिशात टाकला असावा. वल्लरीनेही बंद केला नाही. कानाला लावून ती ओट्यापाशी उभी राहिली. इंजिनाची घरघर, पाण्याचा सपकारा, कुणाचंतरी थायलंडातल्या जेवणाबद्दल बोलणं. तिने मळलेल्या पिठावर ताट झाकलं. मग आप्पा, अगदी हळू, "थांब. थांब थांब थांब." आणि मग कुशलचा आवाज, चिरका, ओळखू न येणारा: "बाप रे. आहे. आहे!"

त्यानंतर कॅमेऱ्यांचा आवाज सुरू झाला. चार कॅमेरे, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. कुणी कुणाच्या पाठीत थाप मारली. कुणी म्हणालं, जिल्ह्यातली मोठी नोंद. कुणाच्या तरी तोंडून तिचं नाव निघेल म्हणून ती ऐकत होती. नाव निघालं नाही. विसरलेच असतील, अशा वेळी माणूस स्वतःलाही विसरतो, तिला ते माहीत होतं.

फोनमध्ये खरखर झाली आणि धोंडीबाचा आवाज जवळ आला.

"ताई, हाय का तुमी?"

"आहे."

"हाय बरं का तुमचा. जित्ता हाय."

तिने डोळे मिटले. "काय करतोय?"

"निजलाय. चोच पखात घालून. बाकीची चरत्यात, ह्यो एकलाच निजलाय."

"दमला असेल," ती म्हणाली. "लांबून आलाय. त्यांना म्हणावं, याच्यापुढे जाऊ नका. त्याला उठवू नका."

"व्हय," धोंडीबा म्हणाला. मग फोन तोंडापासून लांब धरून तो कुणावर तरी खेकसला, "बास! ताई म्हनत्यात, हितनं फुडं जायचं न्हाय."

पलीकडे इंजिन बंद झालं.