चित्रातलं पाऊल

झाकायला उचललेली चादर मोरेनिकेच्या हातातच राहिली. चित्राचा रंग अजून ओला होता. बाहेर फाटकाची कडी वाजली.

"आले," आई म्हणाली. "मी सांगत होते, आंबे काढ, फुलं काढ. पण तुझे हात कुठले ऐकायला!"

सगळं गाव ज्यांना बाबा म्हणे, ते म्हातारे अजिबोला आत आले. गावात पूर्वज कापडं पांघरून येतात, घरोघर नाचतात, त्या एगुंगुनांचे हे प्रमुख. एरवी कुणाच्याही उंबऱ्याशी चपला काढणारे बाबा आज एवढ्या उन्हात बंद बूट घालूनच खुर्चीत बसले. मोरेनिकेनं रीतीप्रमाणे गुडघे टेकले.

चित्रात तिच्याच घराण्याचा एगुंगुन गिरकी घेत होता. सत्तर वर्षांची सत्तर कापडं. खाली मात्र एक उघडं पाऊल, करंगळी आत वळलेली. ती सात वर्षांची असताना वाऱ्यानं कापड उडालं, तेव्हा दिसलेलं. आत कोण आहे हे बाईमाणसानं पाहायचं नसतं. दिसलंच तर बोलायचं नसतं. तीस वर्षं ती बोलली नव्हती. पण ती राहायची त्या लंडनमध्ये लोक तिला नुसतं 'काळी' म्हणत. कुणाची लेक, कुणाची नात, कुणी विचारत नसे. हे चित्र आणखी दोन दिवसांनी तिथल्याच प्रदर्शनात जाणार होतं, उत्तर द्यायला.

बाबांनी एक शब्द टाकला, की ते आज अंगणात जळणार होतं. आणि एगुंगुन या दारी पुन्हा कधी थांबणार नव्हता.

बाबांनी पुढे वाकून चित्रातलं एकेक कापड न्याहाळलं.

"ते निळं तुझ्या आजीनं दिलेलं ना?"

"हो, बाबा."

"आणि यंदाचं?"

दरवर्षी घरच्या बायका एक नवं कापड जोडायला देत. यंदा चित्राच्या नादात ते राहून गेलं होतं.

"राहिलं, बाबा."

"म्हणजे पूर्वजाला उघड्या पायानं परमुलखात धाडतेस? थंडी असते म्हणे तिथं."

आईला हसू फुटलं आणि मध्येच विरलं. तिनं नेसूच्या कापडाचा काठ टरकन फाडून लेकीच्या हातात दिला.

मोरेनिके त्या काठाला ब्रशनं डिंक लावून तो चित्रातल्या पावलावर बसवू लागली. तेव्हा बाबांनी हलकेच तिच्या घराण्याची स्तुती गायला घेतली. पणज्याचं नाव, आजीचं नाव. देवाच्या दारी म्हणावं तसं एकेक आळवून. हाताखाली कुणी तळवा धरावा तसा तो आवाज होता. शेवटी त्यांनी तिचंही नाव गुंफलं, तोवर पाऊल झाकलं गेलं होतं.

"काय होतं गं तिथं खाली?"

"कापड, बाबा. कापडाखाली कापड."

बाबांनी केव्हाचा कोंडलेला श्वास सोडला. खुर्चीच्या हातावर त्यांच्या घामेजल्या पंजाची ओल उमटली होती.

"केवढं उकडतंय," म्हणत ते बुटाच्या नाड्या सोडायला वाकले.

आईनं पाणी आणलं. मोरेनिके ते घेऊन बाबांसमोर पुन्हा गुडघ्यांवर बसली, आणि बूट पायातून निघायच्या आत तिनं डोळे मिटून घेतले.