एकशे बारा नंबरचा बिल्ला

आमच्या अकोटच्या मॉर्निंग वॉक ग्रुपला दर जानेवारीत काहीतरी खूळ लागतं. यंदाचं खूळ अमोलचं. बसस्टँडजवळ त्याचं मेडिकलचं दुकान आहे. वय चाळीस, उत्साह शाळकरी. सातपुड्याच्या पायथ्याशी एक जुनी जिन आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ती जळाली, बंद पडली आणि जंगलाने तिला गिळलं. तिथपर्यंत चालत जायचं, वाटेत चिठ्ठ्या शोधायच्या, शेवटी खजिना.

मी आधी नाहीच म्हणाले. त्या जिनमध्ये माझे बाबा, देवमन, कामाला होते. आग लागली त्या दुपारपासून ते घरी आले नाहीत. मेले नाहीत, पळाले. सगळे तेच म्हणत, आणि आई सगळ्यांत मोठ्याने. तिने बुद्धाच्या तसबिरीशेजारचा त्यांचा फोटो काढून चुलीत घातला. मी तेव्हा सहा वर्षांची. पुढे शिक्षिका झाले तेव्हा नावापुढे बापाचं नाव न लावता आईचं लावलं, भावना शालू. पळपुट्याचं नाव कशाला मिरवायचं?

"मॅडम, तुमी नसल्या तर चिठ्ठ्या सोडवन कोन?" अमोल म्हणाला. स्तुतीपुढे माझं काही चालत नाही. गेले.

पहिली चिठ्ठी सागाच्या ढोलीत सापडली, दुसरी नाल्यावरच्या मोरीत. तिसरीत लिहिलं होतं, 'जिथे माणसाला नाव नसे, नंबर असे.' बाकीचे डोकं खाजवत बोरं खात बसले. मी सरळ फाटकाकडे निघाले. दुपारी बाबांचा डबा घेऊन मी त्याच फाटकाशी उभी राहायची आणि ओरडायची, "एकशे बारा!" नाव घेतलं तर टाइमकीपर ढुंकूनही पाहत नसे.

फाटकाजवळची टाइमकीपरची खोली अर्धी पडलेली. भिंतीतल्या कोनाड्यात मिठाईचा डबा होता. टाळ्या झाल्या, पेढे वाटून झाले. मग अमोलने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"खरा खजिना हा हाय. काल डबा लपवाले जागा पाहून राहिलो होतो, तं कोनाड्यातली वीटच हातात आली. मांगं हे. चिंचेनं घासून आनले."

तारेत ओवलेले तीन पितळी बिल्ले. अमोलचे आजोबा मोतीराम इथेच टाइमकीपर होते, हे तो अभिमानाने सांगत आलाय. आताही सांगू लागला. कामगार आत जाताना बिल्ला द्यायचा, आजोबा तो फळ्यावर त्याच्या नंबरच्या खिळ्याला टांगायचे. सुटी झाली की बिल्ला घेऊन माणूस घरी.

"फळ्यावर बिल्ला म्हंजे मानूस अंदर," अमोल म्हणाला. "आगीच्या दिवशी बी फळ्यावरूनच मोजलं. चार बिल्ले उरले, चार मानसं गेली. आजोबाचं काम पक्कं."

मधल्या बिल्ल्यावर एकशे बारा होतं.

मला आधी काही कळलंच नाही. मग हिशोब लागला. बाबा बाहेर पडले असते तर बिल्ला त्यांच्या खिशात असता. तो इथे भिंतीत होता. म्हणजे ते आत होते, आणि कोणीतरी त्यांचा खिळा मोकळा केला होता. भरपाई वाचावी म्हणून मेलेल्या सातांचे चार दाखवायला तीन बिल्ले विटेमागे गेले होते. माझा बाप पळाला नव्हता. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत जळून मेलेल्या माणसाला शिव्या घालत होते.

"एकशे बारा माझ्या बाबांचा नंबर," मी म्हणाले आणि त्याच्यावर माझा हात उठला. अमोलने माझ्याकडे पाहिलं, बिल्ल्यांकडे पाहिलं, आणि आपण आत्ता काय बोललो ते त्याला हळूहळू कळत गेलं. तो पांढराफटक पडला.

"ताई, मले खरंच मालूम नोतं."

त्याला मारून काय होणार होतं? मी तार सोडवली, एकशे बारा घेतला आणि उरलेले दोन त्याच्या हातात ठेवले. "यांची घरं शोध," म्हणाले, "आन् सोता जाऊन दे."

घरी आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी बिल्ला तिच्या सुपात ठेवला. तिला आता नीट दिसत नाही. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"कोठी सापडला?"

मी सगळं सांगितलं. तिने बिल्ला मुठीत घेतला.

"त्या दिवशी मी गेली होती फाटकावर," ती म्हणाली. "साऱ्या बाया रडून राहिल्या होत्या. मी फळ्यावर पायलं. एकशे बाराचा खिळा रिकामा. मले वाटलं, निंघाला मानूस बाहीर. किती खुश झाली वं मी! मंग तो आलाच नाही."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मानसाचा भरोसा नाही केला मी. खिळ्याचा केला."

ती भिंतीला धरून उठली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी फोटोचा जुना खिळा अजून तसाच आहे. बिल्ला टांगायला तिने हात वर नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"खिळ्याले नको," ती म्हणाली. बिल्ला पदराच्या टोकात घालून तिने घट्ट गाठ मारली. "सुटी झाली त्याची. घरी आला."

मग ती खाली बसली आणि गाठ तोंडाशी धरून रडली. मी तिला इतकं रडताना पहिल्यांदाच पाहिलं.