नवव्या खांबापाशी

“लव्हाळ्याच्या दाटीमध्ये, डोळ्यांना ना वाट काही,
कानांनी तू पाही, बाई, पाखरू बोले...”

आईचा तो आवाज आत्याच्या कानात अजून तसाच होता, पंचेचाळीस वर्षं झाली तरी. आई सपाट बुडाच्या होडीत उभी राहून चटयांसाठी लव्हाळं कापायची. विळ्याच्या एकेका फटकाऱ्याला ओळीचा एकेक तुकडा. मध्येच हात थांबवून म्हणायची, “गप. बोललं बघ.” मग ते यायचं. लव्हाळ्याच्या पोटातून, इतकं बारीक आणि इतकं टोकदार, की कुणी हवेतच सुई धरून दोरा ओवत बसलंय असं वाटावं. म्हणून त्याला म्हणायचे सुईपाखरू. मुठीत मावेल एवढा जीव, मातकट रंगाचा, जन्मात लव्हाळ्याबाहेर न येणारा. आईनं ते सबंध आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. ऐकलं मात्र रोज. ते जिथे बोलेल तिथे आसपास दहा हात विळा चालवायचा नाही, असा कापणाऱ्या बायकांचा आपसातला नेम होता. तो कुणी लिहून दिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

आता लव्हाळं कापायला कुणी येत नव्हतं. चटया प्लॅस्टिकच्या झाल्या आणि दलदल बघायला माणसं लांबून लांबून यायला लागली. आत्या त्यांना कयाकमधून फिरवून आणायची. बारा वर्षं तिचं हेच काम. तिची भाची तिच्या हाताखाली होती आणि दिवसभर आत्या, आत्या करायची, तेव्हा तिथले सगळेच तिला आत्या म्हणू लागले. शेडचा राखणदार तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण तोही आत्याच म्हणायचा.

सकाळी सातला शेड उघडली की भिंतीला आडव्या टांगलेल्या कयाक दोघी मिळून उतरवायच्या. खुंट्यांना लाइफ जॅकेटं, कोपऱ्यात वल्ह्यांचा भारा, आणि दाराशी दोन टब नि चार ब्रश. बुटाचे तळवे घासल्याशिवाय कुणाला होडीत पाय ठेवू द्यायचा नाही.

“बूट स्वच्छच आहेत हो आमचे,” असं कुणीतरी म्हणायचंच.

“तुमच्या घरी स्वच्छ. तळाला चिमूटभर गवत दुसऱ्या तळ्यातलं चिकटून आलं ना, तर चार वर्षांत इथलं पाणी दिसायचं बंद होईल. पाहुण्यांनी जरूर यावं, बरोबर बिऱ्हाड आणू नये.”

आणि दुसरा नेम असा, की तिसऱ्या खांबापासून बोलणं बंद. काही विचारायचं असेल तर वल्हं उभं धरायचं. आत्या आपली कयाक वळवून समोर येणार, तोंडाकडे बघत प्रश्न ऐकणार, मग उत्तर देणार. पाहुण्यांना हे फार आवडायचं. ‘या बाईंनी आम्हाला गप्प बसायला शिकवलं,’ असं कुणीतरी अभिप्रायाच्या वहीत लिहून गेलं होतं. ते वाचून आत्यानं वही मिटली होती ती पुन्हा उघडली नव्हती.

कारण तो नेम पाखरांसाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त होता. आत्याला ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरी नव्हती ती. बेडूक ऐकू यायचे, बगळ्याची खरखर यायची, बाप्यांचं बोलणं यायचं. बारीक होतं तेवढं मात्र चाळणीतून पीठ गळावं तसं गळून गेलं होतं. आधी दारावरची घंटा गेली, मग बायकांच्या बोलण्यातले स आणि श. सुईपाखरू ऐकू येईना तेव्हा तिनं खुशाल पाखरालाच बोल लावला, की यंदा आळसावलंय. मग एक दिवस भाचीचं घड्याळ तिच्या हातात होतं. भाची शेडच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आली आणि म्हणाली, “अगं, केव्हापासून वाजतंय, बंद तरी कर.” आत्यानं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. तिच्या लेखी ते मुकं होतं.

याला दोन वर्षं झाली. तिनं कुणाला सांगितलं नाही. कान तिखट म्हणून तर तिला हे काम मिळालं होतं. कान गेले म्हटल्यावर कोण ठेवणार? शिवाय तिच्याकडे एक नोंदवही होती.

मैलभराच्या पाणवाटेवर बारा लाकडी खांब रोवलेले होते. हंगामात तीन सकाळी आत्यानं प्रत्येक खांबापाशी दहा दहा मिनिटं बसायचं आणि सुईपाखरू बोललं तर खूण करायची. ती वही पाणीखात्याकडे जायची. बाकं घातलेली मोठी बोट न्यायला खातं यंदा पाणवाट रुंद करणार होतं, आणि जिथे दोन हंगाम खूण नाही तिथेच यंत्र लावायचं असं ठरलं होतं. दोन्ही हंगामांत आत्यानं वही भरली ती आठवणीवर. पहिल्या सात खांबांशी पूर्वी ते बोलायचं, तिथे खुणा. आठपासून पुढे खोल पाणी, तिथे ते कधीच नसायचं, ते रकाने कोरे. आठच्या पुढे गाळ साचून आताशा लव्हाळं दाटलं होतं, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. पण दिसलेलं लिहायला तिथे रकाना नव्हता.

यंदा भाचीही वहीच्या सकाळी बरोबर होती.

“आत्या, मला काहीच ऐकू आलं नाही,” चौथ्या खांबाशी ती कुजबुजली होती. आत्यानं तिच्या ओठांवरून ताडलं.

“दोनदा बोललं,” आत्या म्हणाली. “कान घरी ठेवून आलीस की काय?”

भाची हसली होती. दुसऱ्या सकाळी हसली नाही. तिसऱ्या सकाळी ती पाण्याकडे बघेनाशी झाली. आत्याची पेन्सिल कधी टेकते तेवढंच बघत बसायची.

आज अकरा वाजता पाणीखात्याचा निरीक्षक वही न्यायला यायचा होता. त्याआधी पाच जणांची एक फेरी होती. एक नवराबायको, त्यांना जोडकयाक. दोन मैत्रिणी, त्यांनाही तशीच. आणि निवृत्त हेडमास्तर, एकटेच, एकट्याच्या कयाकमध्ये, डोक्यावर उन्हाची टोपी घालून. आत्या आणि भाची आपापल्या कयाकमधून.

“डावीकडे म्हटलं की डावीकडे ना,” नवरा मागून म्हणत होता. बायकोनं काय उत्तर दिलं ते आत्याला अर्धंच पोचलं, पण बारा वर्षांत नवराबायकोची इतकी भांडणं या पाण्यावरून गेली होती की उरलेलं तिला पाठ होतं.

“तुझं डावं नि माझं डावं वेगळं कसं असेल?” नवरा म्हणाला. “एकाच दिशेला तोंड करून बसलोय आपण.”

“लग्नाला किती वर्षं झाली?” हेडमास्तरांनी विचारलं.

“अकरा.”

“मग होतं असं.”

तिसरा खांब आला आणि सगळे गप्प झाले. वल्ह्यांवरून ठिबकणारं पाणी, त्याची वर्तुळं, काठावर एकमेकांत गुंतलेली मुळं, त्यांच्यात अडकून राहिलेला गाळ. एरवी आत्या या टप्प्यावर सुखात असायची, कारण इथे सगळेच तिच्यासारखे होत. आज मात्र तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सही झाली की वही गेली, आणि वही गेली की वर्षाची निश्चिंती.

नवव्या खांबापाशी तिनं हात वर करून थांबवलं. वल्ही मांड्यांवर आडवी झाली. वारा पडलेला होता. आत्या नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे तोंड करून बसली होती.

आणि एकाएकी पाचही माणसांच्या माना एकदम डावीकडे वळल्या. सहावी मान भाचीची. कणसांच्या रांगेवरून झुळूक जावी तशा त्या वळल्या, आणि एकट्या आत्याची मान जिथल्या तिथे राहिली.

काहीतरी बोललं होतं.

हेडमास्तरांचं वल्हं उभं राहिलं. आत्या कयाक त्यांच्यासमोर घेऊन आली. “बाई, काय होतं हो ते?”

सगळे तिच्याकडे बघत होते. भाचीचे डोळे तर असे भरून आले होते, जसं काही तिला कुणी नावानं हाक मारून गेलं होतं. आत्यानं खांबाकडे पाहिलं. या खांबाच्या माथ्यावर एक खंड्या बसायचा, रोजचं गिऱ्हाईक.

“खंड्या,” ती म्हणाली. “मासा हुकला की असा चिडतो.”

मैत्रिणी हसल्या. भाचीनं तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मग तिनं हळूच मान हलवली, फळ्यावरचं गणित चुकलेलं पोर हलवतं तशी, आपल्याशीच. वल्हं पाण्यात घालून ती पुढे झाली.

आत्या मागे राहिली होती म्हणून तिला दिसलं. दाटीत एकच काडी हलत होती. वारा नव्हता. काडी जराशी वाकली, सावरली, मग शेजारची वाकली. कुणीतरी चिमुकलं काडीकाडीनं आत उतरत होतं. खंड्या कधी लव्हाळ्यात शिरत नाही. आई असती तर विळा खाली ठेवून बसली असती.

परतताना तिनं वाटेवरच्या कुठल्याच खांबाकडे पाहिलं नाही. स्वतःशी हिशेब मात्र चालू होता. एक खूण घातली नवव्याला, की झालं. कुणी विचारणार नाही. पण कोऱ्या रकान्यात आज अचानक खूण का, असं भाची विचारेल. आणि नुसत्या नवव्याचं काय? दहा, अकरा, बारा? तिथे कोण बोलतंय हे तिला कसं कळणार? सातच्या अलीकडे कुणी उरलंय का, हे तरी कुठे माहीत होतं?

धक्क्यावर टेबल मांडून निरीक्षक चहा पीत बसला होता. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी बूट न सांगता घासून यायचा. वही त्याच्या पुढ्यात उघडीच होती. राखणदारानं काढून दिली होती.

“आठ ते बारा सगळे कोरे ना आत्या? छान. मग यंत्र नऊवरून आत घेतो. सोमवारी येईल ते. तुमची तेवढी सही टाका.”

“होड्या धुते आधी,” आत्या म्हणाली.

पाहुणे जॅकेटं खुंटीला लावून निघून गेले. भाची पाइप घेऊन कयाकवर पाणी मारत होती. तिची पाठ आत्याकडे होती. खांदे हलले तसं आत्याला कळलं की ती काहीतरी बोलतेय.

“पाणी बंद कर. काय म्हणालीस?”

भाची वळली. “म्हटलं, सोमवारपासून मी यायची नाही. बाबांनी चष्म्याच्या दुकानात बोलून ठेवलंय.”

“चष्म्याच्या?”

“कानांनी नापास केलं, आता डोळ्यांचं बघते.” ती हसायला गेली, पण ते काही जमलं नाही.

“कुणी नापास केलं तुला?”

“कुणी कशाला करायला हवं? चौथ्या खांबाला ते दोनदा बोललं, मला एकदाही नाही. सहाव्याला बोललं, मला नाही. तुझी पेन्सिल बघून कळायचं मला. आणि आज नवव्याला वाटलं, हेच ते. शपथ घेतली असती आत्या मी. काटा आला अंगावर. आणि निघाला काय, तर खंड्या.” तिनं पाइप गुंडाळायला घेतला. “राग नाही गं माझा. तुझ्यासारखे कान सगळ्यांना नसतात. उगीच तुझ्या मागे कशाला फरफटू मी?”

आत्याच्या पायाशी पाइपातलं उरलंसुरलं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली चाललं होतं. भाची सात वर्षांची असताना तिनंच तिला पहिल्यांदा होडीत बसवलं होतं. घोरपडीच्या शेपटीची सरसर ऐकून ही पोर मागे वळायची, आत्याला कळायच्या आधी. तेव्हा आत्यानं भावाला सांगितलं होतं, हिचे कान आईचे आहेत. तेच कान तिनं तीन सकाळींत, पेन्सिलीच्या टोकानं, पोरीच्या डोक्यावरून काढून घेतले होते.

“आत्या,” निरीक्षकानं पेन पुढे केलं, “ऊन चढायच्या आत निघतो म्हणतो मी.”

तिनं पेन घेतलं. वहीवर सातपर्यंत नीटस, एकसारख्या खुणा होत्या. इतक्या एकसारख्या की खरं पाखरू कधी असं बोलणार नाही. सही केली तर हे धक्क्यावरचं टेबल, ही शेड, हे आत्या आत्या, सगळं होतं तसं राहणार होतं. नाही केली तर उद्या सकाळी सातला कुठे जायचं, हेही तिला ठाऊक नव्हतं.

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि ते वहीवर ठेवलं.

“ही वही नेऊ नका.”

“का? काही राहिलंय का?”

“दोन वर्षांची सगळी खोटी आहे.”

निरीक्षकाचा कप तोंडाशी थांबला. शेडच्या दारात राखणदार येऊन उभा राहिला. भाचीनं पाइप खाली टाकला आणि पुढे आली. आत्या तिच्याकडे वळली. आपला आवाज किती मोठा लागतोय याचा अंदाज तिला आताशा येत नसे; तो पाण्यापलीकडे जाईल एवढा मोठा लागला.

“चौथ्याला तुला काही आलं नाही, कारण तिथे काही नव्हतं. मी आठवणीनं लिहीत होते. आज नवव्याला तू ऐकलंस ते सुईपाखरूच होतं, मी काडी हलताना पाहिली नंतर. खंड्या मी दडपून सांगितला. तुझ्या कानात काही दोष नाही, पोरी. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, मला त्यातलं काहीच ऐकू येत नाही.”