भंवरीअक्कांचं गाळणं

मी गाळणं बोलतंय. हो, हंड्याच्या तोंडावर बांधायचं, पाणी गाळायचं फडकं. फडक्याला कसलं आलंय चरित्र, असं म्हणाल. म्हणा बापडे. पण आमच्या गावातून नारू कुणी हटवला, असं विचाराल तर मी मुळीच लाजणार नाही. निम्मा मान माझा आहे.

धुळ्याच्या एका मागावर माझा जन्म झाला. सोनगीरच्या पुढे दोन कोस आत एक गाव आहे, तिथं भंवरीबाईंच्या कापडाच्या दुकानात मी आलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातच राहिलं. नवऱ्यामागे एकटीनं दुकान चालवणाऱ्या या मारवाडी बाईला सारा गाव अक्का म्हणायचा. अक्का जैन. न गाळलेलं पाणी त्यांनी जन्मात प्यायलं नव्हतं. मला दुहेरी घडी घालून हंड्यावर धरायच्या, पाणी गाळायच्या. मग मला उलटं करून स्वच्छ पाण्यानं धुवायच्या आणि ते धुवण लोटीत घेऊन पायविहिरीत अलगद सोडून यायच्या. त्याला त्या जीवाणी म्हणत. पाण्यातला जीव पाण्यात परत गेला पाहिजे, हा त्यांचा नेम होता.

बाकी गावाला एवढी सवड कुठली! पायऱ्या उतरायच्या, घागर बुडवायची, तशीच तोंडाला लावायची. उन्हाळा आला की घरोघरी नारू. ज्यांनी तो पाहिला नाही ते सुखी. हात-दीड हात लांब, दोऱ्यासारखा पांढरा किडा. पायाला फोड येतो आणि त्यातून तो डोकावतो. काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. गावातल्या लोटननानांना तर तीन वर्षं ऐन पेरणीत या किड्यानं पाडलं होतं. औत दारात आणि धनी खाटेवर.

अडुसष्ट सालच्या वैशाखात धुळ्याहून नारूचा अभ्यास करायला आरोग्य खात्याचा जीवराम सोनवणे आला. गावानं आधी आडनाव विचारलं, मग जात. त्यानं आडनाव सांगितलं आणि आपण बौद्ध आहोत हेही मान वर करून सांगितलं. दारोदार फिरून त्यानं टिपणं केली. एकसष्ट माणसांना नारू, पण अक्कांच्या घरात आजवर एकालाही नाही.

"अक्का, तुमचं पाणी वेगळ्या विहिरीचं का?"

"तीच विहीर, भाऊ. फक्त गाळून."

त्यानं मला मागितलं. सोवळ्यातलं फडकं, परक्याच्या हाती! तरी अक्कांनी स्वतःच मला त्याच्या हातात ठेवलं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला.

जीवरामनं ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला, माझं धुवण काचेवर घेतलं आणि लोटननानांना पाहायला बोलावलं. "हा एका डोळ्याचा किडा बघा, नाना. नारूचं पिल्लू याच्याच पोटात वाढतं."

झालं! त्या शहाण्यानं अर्धीच गोष्ट सांगितली आणि नानांनी उरलेली आपल्या मनानं पुरी केली. अक्का रोज लोटी घेऊन विहिरीकडे जातात, हे सगळ्यांनीच पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना काठी टेकत विहिरीच्या तोंडाशी उभे, मागे गाव.

"अक्का लोटामा किडा लई येस आन् इहीरमा टाकस! बठ्ठा गावले नारू तठूनच शे! अक्का, पानी लई जा, पन ते आठे टाकू नका." साऱ्या गावाला नारू अक्कांच्या लोटीतून होतो, असा नानांचा हिशोब.

अक्का भांडल्या नाहीत. "जीवाणी परत जाणार नसेल तर मलाही पाणी नको," एवढंच म्हणाल्या आणि घरी येऊन हंडा पालथा घातला. वैशाखातलं ऊन, आणि बाईच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यानं खाटेवरून उठवेना. मी दोरीवर कोरडंठाक लटकत होतं. आयुष्यात एवढं निरुपयोगी मला कधी वाटलं नाही.

जीवराम धावत आला, अक्कांना पाहिलं आणि तडक बादलीभर पाणी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन नानांच्या ओट्यावर गेला. जाताना दोरीवरून मला ओढून त्यानं खांद्यावर टाकलं, म्हणून पुढचं सारं मला पाहायला मिळालं.

"नाना, पायाची आग होते तेव्हा काय करता?"

"इहीरनी पायरीवर बसस, पाय पानीमा सोडस. गार वाटस."

"आज बादलीत सोडा."

नानांनी फोड आलेला पाय सोडला. जरा वेळानं फोडातून दुधासारखं काहीतरी पाण्यात पसरलं. जीवरामनं त्याचा थेंब काचेवर घेतला. नानांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"हाई काय वयवय करी ऱ्हायनं?"

"तुमच्या पायातून निघालेली नारूची पिल्लं. ती विहिरीत पडतात, तो किडा त्यांना गिळतो आणि त्या किड्याला तुम्ही गिळता. अक्का विहिरीतलंच विहिरीत सोडतात. नवं जातं ते अशा पायांतून. अर्धं सांगितलं, ही माझी चूक."

"म्हंजे बठ्ठा गावले मीच पाजं?"

नानांची बायको केसरबाई दारात उभी होती, तिच्या पायालाही पट्टी. "आन् मन्हा पायमा शे, तो बी तुमनाच?" तिनं विचारलं. नानांनी काठी शोधली.

काठी टेकत ते अक्कांच्या दारी गेले, मागे केसरबाई आणि मला खांद्यावर घेतलेला जीवराम; बादलीतलं सगळं त्यांनी अक्कांना सांगितलं. "अक्का, चुकनं मन्हं. चला, लोटा मी धरस."

"लोटी केसर धरेल," अक्का पुटपुटल्या. "तू वरच बस. पाय पाण्याला लावू नको."

केसरबाईही सगळं शिकली होती! आपल्याही पायाला पट्टी, म्हणून माझ्यातून पाणी गाळून झाल्यावर तिनं जीवाणी सोपवली एका धडधाकट सुनेकडे, तिनं ती खाली उतरून सोडली. मग मी गाळलेलं पाणी अक्का घोटघोट प्यायल्या. त्या पाण्याइतकं कुठलंच पाणी मी मन लावून गाळलं नाही.

संध्याकाळी अक्कांनी केसरबाईला गाळायचं शिकवलं आणि मला तिच्याच हंड्यावर बांधून दिलं. दुकानातलं अख्खं ठाण कापून घरोघर फडकी दिली. नाना तो उन्हाळाभर वरच्या पायरीवर काठी घेऊन बसले. पायाला पट्टी दिसली की सरपंचालाही खाली सोडत नसत. काही किडे आधीच पोटात गेलेले होते, म्हणून पुढच्या वैशाखात एकोणीस नारू निघाले. त्याच्या पुढच्या वैशाखात एकही नाही. नाना स्वतःच्या पायांनी औतामागे चालले.

आता सत्त्याहत्तर साल आहे. अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून अक्कांच्या हातचं म्हणून केसरबाई मला जिवापाड जपते. विरलं तिथं शिवते, सणाला नवं गाळणं आणलं तर ते घडी करून फडताळात ठेवते. पण काल तिच्या टाक्याशेजारी मला नवं भोक पडलं, आणि शेजारच्या गावांत नारू अजून आहे.

केसर, बाई, तुझी माया कळते मला. पण किड्याला एक भोक पुरतं. माझी दिव्याची वात कर, चूल पुसायला घे, उकिरड्यावर टाक. फडताळातलं ते नवं काढ आणि आज पाणी भरायच्या आत हंड्यावर बांध.