अळीसाठी राखलेलं झाड

चिखलीच्या कॉलेजात एकोणीस वर्षं मी परीक्षानळ्या धुतोय. पगारपत्रकात प्रयोगशाळा परिचर, पोरांच्या तोंडी उकंडकाका. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी बाहेरून आलेल्या परीक्षकांना बीटी कपाशीची पानं हवी होती. मी सकाळीच माझ्या वावरातून बारा पानं तोडून आणली.

पान चुरायचं, द्रावणात घोळायचं, त्यात कागदाची पट्टी बुडवायची. बीटी असेल तर दोन रेघा, साधं असेल तर एकच. रेघा उमटायला लागल्या की मी दरवर्षी हातातलं काम टाकून बघत उभा राहतो. मातीतल्या एका जंतूचा अळी मारायचा गुण माझ्या कपाशीच्या पानात येऊन बसलाय, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

अकरा जणांना दोन रेघा आल्या. प्रतीक्षाला एकच. मागच्या वर्षी ती याच प्रॅक्टिकलात नापास झाली होती. आता पुन्हा गेली तर पदवी राहिलीच. तरी तिनं लिहिलं, ‘बीटी नाही.’

"सगळी पानं बीटीची आहेत," परीक्षक म्हणाले. "खोडा ते."

"सर, वरची रेघ आली, म्हंजे पट्टी चांगली हाय. दिसलं ते लिहिलं मी."

"मग शून्य देऊ?"

पोरीचे डोळे भरले, पण पेन काही हलला नाही. बारा पानांत तळहाताएवढं पान एकच होतं, ते तिच्या वाट्याला आलेलं. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या किडक्या झाडाचं. बोललो तर बोल मला लागणार होता.

"सर, तिचं पान ज्या झाडाचं, त्याले अळी पडेल होती," मी बोलून टाकलं. "चूक माही हाय."

"चूक नाही काका," प्रतीक्षा म्हणाली. "बियाण्याच्या पिशवीतच थोडं साधं बी मिसळून देतात. अळीनं खावं म्हणून."

मी भडकलोच. "अळीले पोसाले पेरतो काय पोरी मी?"

"हाव. बीटी खाऊनही एखादी अळी जगते, तिचं पाखरू होते. तिच्या पाखराची जोडी तसल्याच पाखराशी जमली, तर पिल्लंही बीटी पचवणारी निघतात. साध्या झाडावरच्या पाखराशी जमली, तर पिल्लं बीटीनं मरतात. ते एक झाड साऱ्या वावराले राखते, काका."

परीक्षकांनी दुसरी पट्टी मागवून स्वतः बुडवली. एकच रेघ आली. त्यांनी आपल्याजवळचा उत्तरांचा कागद काढला, त्यावर काट मारली आणि प्रतीक्षाला पूर्ण मार्क दिले.

संध्याकाळी वावरात गेलो. तीन वर्षं असली झाडं दिसली की मी बियाणेवाल्याला शिव्या घालत उपटून फेकत आलो होतो. हे एक कामाच्या गडबडीत राहून गेलं होतं. त्याचं एक बोंड तोडून फोडलं. आत नखाएवढी अळी. चिरडायला अंगठा नेला आणि तसाच थांबलो. एवढ्याशा जिवावर माझं सगळं वावर उभं होतं.

बोंड मिटवलं आणि फांदीच्या बेचक्यात अलगद ठेवलं.

"खाय माय," म्हणालो. "खाय."