खोलीची शांतता

घरात त्याला सगळे 'गवई' म्हणत आणि त्यात कौतुक चिमूटभरही नव्हतं. वीस वर्षं तो स्वतःच गाणी रचत होता, स्वतःच गात होता, कपड्यांच्या कपाटात रजया टांगून स्वतःच रेकॉर्ड करत होता. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, त्यातली निम्मी बोटं नात्यातली.

आता एका रेडिओवाल्यानं गाणं मागितलं होतं, शुक्रवारपर्यंत. पसंत पडलं तर दर आठवड्याला कार्यक्रम. नाही पडलं तर एक तारखेपासून मेहुण्याच्या फरशांच्या दुकानात उभं राहीन, असा शब्द त्यानं बायकोला दिला होता.

गाणं वारलेल्या वडिलांवर होतं. 'चप्पल दाराशी तशीच, पाय कुठे गेले.' अकरा वेळा गायला, पण गाण्यात काही जीव येईना. मग त्या अकरांतले बरे तुकडे जोडायचं ठरलं. जोड ऐकू येऊ नयेत म्हणून रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून गाण्याखाली अंथरतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. घरात कुणी नव्हतं. मशीन चालू करून तो गिटारच्या तारा आणायला गेला, दुकानदाराशी गप्पांत रमला आणि मशीन विसरला.

परतला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. त्यानं हेडफोन चढवले, तर शांततेत मेहुण्याचा आवाज.

"ताई, दाजींचं चप्पल हरवल्याचं गाणं संपलं का?"

"अकरा वेळा हरवली रे! अजून सापडत नाही."

दोघं हसले. मग तिनं त्याचा नाकातला आवाज काढून पहिली ओळ म्हटली. मेहुणा खिदळला. दुसऱ्या ओळीला नक्कल सुटली. तिसरीला ती नुसतीच गाऊ लागली, कपड्यांच्या घड्या घालता घालता, सावकाश. शेवटची दोन वर्षं सासऱ्याचे सुजलेले पाय तिनं धुतले होते. तेव्हा हा कपाटात होता.

मेहुणा म्हणाला, "ताई, तू तर गातेस की गं!"

"गप रे. त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

त्यानं ते तीनदा ऐकलं. वीस वर्षं जे शोधत होता ते हेच, हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं. चौथ्यांदा ऐकायचं धाडस झालं नाही. त्यानं ते पुसलं आणि आपलं जोडलेलं गाणं पाठवून दिलं.

सोमवारी रेडिओवाल्याचा फोन आला. "शब्द चांगले आहेत हो. पण गाणाऱ्याला माणूस गेल्याचं दुःख नाही, टाळ्या न मिळाल्याचं आहे."

एक तारखेला तो फरशांच्या दुकानात उभा राहिला. "या, कलावंत!" मेहुणा म्हणाला. "ही फरशी पुसून ठेवा, गिऱ्हाईक यायचंय."

संध्याकाळी घरी आला, तर बायको कणीक मळताना तेच गाणं गुणगुणत होती. तो उंबऱ्यात थांबला. पहिली ओळ पुरी ऐकली.

"तुला सूर नाही," तो म्हणाला. "वीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून सांगतो. उगाच लोकांसमोर हसं करून घेशील."

तिचा हात थांबला. "बरं," ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात कुणी गायलं नाही. तिनं त्याचा शब्द मानला. एवढ्या वर्षांत त्याच्या कलेतलं तिनं मानलेलं तेवढंच.